करंट नेमका मोजायचा कसा? शंट, ॲम्प्लिफायर आणि तुमच्या फोनच्या बॅटरीचा हिशेब

बॅटरीची माहिती देणारं एखादं ॲप उघडलं की तिथे ‘करंट: −३८० मिलिॲम्पिअर’ असा आकडा दिसतो. चार्जर लावला की तोच आकडा अधिकमध्ये जातो. फोनला हे कसं कळतं? आणि तो आकडा किती खरा मानायचा?

या लेखात आपण करंट अचूक मोजणारं सर्किट कसं डिझाइन करतात ते पाहू. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी यूएसबी मीटर बनवायचा असो, रोबोटची बॅटरी किती चालेल ते काढायचं असो किंवा फोनच्या टक्क्यांमागचं गणित समजून घ्यायचं असो, तत्त्व एकच आहे. ओहमचा नियम आणि गुणाकार-भागाकार येत असेल तर पुढचं सगळं समजेल. मी सगळी आकडेमोड एकाच उदाहरणावर केली आहे: ५००० मिलिॲम्पिअर-अवर क्षमतेची बॅटरी, व्होल्टेज साधारण ४ व्होल्ट आणि जास्तीत जास्त करंट ३ ॲम्पिअर.

## शंट म्हणजे काय?

चिपला करंट थेट ‘दिसत’ नाही, तिला व्होल्टेज मोजता येतं. म्हणून करंटच्या वाटेत अगदी कमी ओहमचा एक रेझिस्टर ठेवतात. त्याला शंट म्हणतात. करंट गेला की शंटच्या दोन टोकांमध्ये थोडं व्होल्टेज तयार होतं. ते मोजायचं, शंटच्या ओहमने भागायचं, की करंट मिळाला.

उदाहरणार्थ, १० मिलिओहमच्या शंटमधून २ ॲम्पिअर गेले तर व्होल्टेज होतं २० मिलिव्होल्ट. मायक्रोकंट्रोलरला हे फारच कमी पडतं, म्हणून मध्ये ॲम्प्लिफायर लावून ते ५० पट वाढवायचं. २० मिलिव्होल्टचे झाले १ व्होल्ट. आता ते आकड्यात बदलायचं काम एडीसी करतो, म्हणजे व्होल्टेजचं अंकात रूपांतर करणारा भाग.

शंट, ॲम्प्लिफायर, एडीसी. कागदावर तीनच डबे आहेत. खरी मेहनत पुढे आहे, कारण २० मिलिव्होल्टमध्ये अर्ध्या मिलिव्होल्टची चूक झाली तरी आकडा ५० मिलिॲम्पिअरने हलतो.

## शंट किती ओहमचा घ्यावा?

इथे ओढाताण आहे. शंट मोठा घेतला तर सिग्नल मोठा मिळतो आणि मोजणं सोपं जातं. पण तेवढं व्होल्टेज तुमच्या सर्किटला कमी मिळतं आणि शंट तापतो.

१०० मिलिओहमचा शंट ३ ॲम्पिअरला ३०० मिलिव्होल्ट खातो आणि ०.९ वॉट उष्णता सोडतो. ४ व्होल्टच्या बॅटरीतून ०.३ व्होल्ट गेले तर ते परवडणारं नाही. १० मिलिओहमचा शंट त्याच करंटला ३० मिलिव्होल्ट घेतो आणि फक्त ०.०९ वॉट तापतो. म्हणून फोनसारख्या वस्तूत शंट काही मिलिओहमचेच असतात.

निवडताना उलटीकडून या. जास्तीत जास्त करंटला किती व्होल्टेज गमावायला तयार आहात ते ठरवा आणि त्यावरून ओहम काढा. मग करंटचा वर्ग गुणिले ओहम करून वॉट काढा आणि त्याच्या किमान दोन-तीनपट वॉटेजचा शंट घ्या. जितका कमी तापेल तितका कमी बदलेल. आपल्या उदाहरणात १० मिलिओहम आणि अर्धा वॉट पुरे.

## शंट कोणत्या बाजूला लावायचा?

दोन जागा आहेत: लोड आणि ग्राउंड यांच्या मध्ये, किंवा बॅटरीचा अधिक आणि लोड यांच्या मध्ये.

खालच्या बाजूला, म्हणजे ग्राउंडकडे लावला तर मोजणं सोपं असतं, कारण शंटची दोन्ही टोकं शून्य व्होल्टच्या जवळ असतात. पण लोडचं ग्राउंड खऱ्या ग्राउंडपेक्षा काही मिलिव्होल्ट वर उचललं जातं. शिवाय लोडची तार कुठे दुसऱ्या वाटेने ग्राउंडला लागली तर तो करंट शंटला टाळून जातो आणि मीटरला पत्ताही लागत नाही.

वरच्या बाजूला लावला तर ग्राउंड शाबूत राहतं आणि शॉर्टसर्किटही पकडता येतं. पण आता शंटची दोन्ही टोकं ४ व्होल्टवर आहेत आणि आपल्याला हवा आहे त्यांच्यातला २० मिलिव्होल्टचा फरक. दहाव्या मजल्यावरच्या दोन फरशांमधला कागदाएवढा फरक रस्त्यावर उभं राहून मोजण्यासारखं हे काम आहे. दोन्ही टोकांवर सारख्याच असलेल्या या ४ व्होल्टला कॉमन-मोड व्होल्टेज म्हणतात.

## एक ऑपॲम्प, चार रेझिस्टर: फसतं कुठे?

पाठ्यपुस्तकातलं डिफरन्स ॲम्प्लिफायर तुम्ही पाहिलं असेल. एक ऑपॲम्प आणि चार रेझिस्टर घेऊन दोन टोकांमधला फरक वाढवायचा. सर्किट बरोबर आहे, पण एका अटीवर: रेझिस्टरच्या दोन जोड्यांचं गुणोत्तर तंतोतंत सारखं हवं. तसं नसेल तर कॉमन-मोडचे ४ व्होल्टही थोडे आत झिरपतात.

किती झिरपतात त्याचा ढोबळ हिशेब असा. रेझिस्टरच्या टॉलरन्सला ४ ने गुणा, गेन अधिक १ ने भागा आणि कॉमन-मोड व्होल्टेजने गुणा. १ टक्का रेझिस्टर आणि ५० गेन असेल तर ०.०४ भागिले ५१, गुणिले ४ व्होल्ट. उत्तर सुमारे ३.१ मिलिव्होल्ट.

१० मिलिओहमच्या शंटवर ३.१ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ३१० मिलिॲम्पिअर. शंटमधून काहीच जात नसतानाही मीटर ३१० मिलिॲम्पिअर दाखवू शकतो! ही सर्वांत वाईट परिस्थिती झाली, पण १ टक्का रेझिस्टर घेतल्यावर तिची तयारी ठेवावीच लागते. ०.१ टक्क्याचे रेझिस्टर घेतले तर हा भूत-करंट ३१ मिलिॲम्पिअरवर येतो.

‘मग शून्याचं रीडिंग वजा करून टाकू ना!’ असं वाटेल. अडचण अशी की बॅटरी ४.४ व्होल्टवरून ३.४ वर उतरली की भूत-करंटही त्याच प्रमाणात बदलतो. आज वजा केलेला आकडा संध्याकाळी खरा राहत नाही.

म्हणूनच करंट-सेन्स ॲम्प्लिफायर नावाच्या वेगळ्या चिप मिळतात. त्यांतले रेझिस्टर एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर असतात आणि कारखान्यात एकमेकांशी जुळवलेले असतात. गरम झाले तर सगळे सोबत गरम होतात, त्यामुळे गुणोत्तर टिकतं. वरच्या बाजूला मोजायचं असेल तर माझा सल्ला सरळ आहे: सुटे चार रेझिस्टर शिकण्यासाठी वापरा, मोजण्यासाठी चिप घ्या.

## ऑफसेट: लहान करंटचा शत्रू

आदर्श ॲम्प्लिफायरला दोन्ही इनपुट सारखे दिले तर आउटपुट शून्य यायला हवं. खऱ्या ॲम्प्लिफायरला मात्र त्या दोघांत थोडा फरक ‘भासतो’. त्याला ऑफसेट म्हणतात. एलएम ३५८ हा स्वस्त ऑपॲम्प कुठल्याही दुकानात मिळतो, पण त्याचा ऑफसेट काही मिलिव्होल्ट असू शकतो. समजा २ मिलिव्होल्ट आहे. १० मिलिओहमवर ती २०० मिलिॲम्पिअरची चूक झाली.

ही चूक किती महाग पडते ते पाहा. लिथियम बॅटरीचं चार्जिंग शेवटी करंट बराच खाली आला की थांबवतात. समजा २५० मिलिॲम्पिअरवर थांबायचं ठरलं आहे. मीटर २०० ने कमी दाखवत असेल तर खरा करंट ४५० असतानाच चार्जिंग बंद होईल आणि बॅटरी पूर्ण भरणार नाही. मीटर २०० ने जास्त दाखवत असेल तर खरा करंट ५० वर येईपर्यंत बॅटरी वरच्या व्होल्टेजवर ताटकळत राहील. असं रोज होत राहिलं तर तिचं आयुष्य कमी होतं.

यावर उपाय म्हणजे झिरो-ड्रिफ्ट किंवा चॉपर प्रकारचे ॲम्प्लिफायर. ते सतत स्वतःचा ऑफसेट मोजून दुरुस्त करत राहतात आणि तो काही मायक्रोव्होल्टपर्यंत खाली आणतात. १० मायक्रोव्होल्ट ऑफसेट म्हणजे आपल्या शंटवर फक्त १ मिलिॲम्पिअर.

तरीही हा १ मिलिॲम्पिअर विसरू नका. फोनचा फ्युएल गेज किती करंट किती वेळ गेला याची बेरीज करत बसतो. या पद्धतीला कुलंब काउंटिंग म्हणतात. १ मिलिॲम्पिअरची चूक २४ तासांत २४ मिलिॲम्पिअर-अवर होते, म्हणजे ५००० च्या बॅटरीत जवळपास अर्धा टक्का. ५ मिलिॲम्पिअरची चूक असेल तर दिवसाला सुमारे अडीच टक्के. किराणा दुकानाच्या वहीत रोज एक रुपया चुकला तर वर्षाअखेर हिशेब जुळत नाही, तसंच हे.

## चार तारांची जोडणी

इथे बऱ्याच चांगल्या डिझाइनचं वाटोळं होतं. १० मिलिओहम हा रोध इतका कमी आहे की पीसीबीवरची तांब्याची पट्टीही त्याच्या तोडीची असते. नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यात १ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर लांब पट्टीचा रोध सुमारे ५ मिलिओहम होतो. व्होल्टेज मोजायची तार अशा पट्टीच्या पलीकडे जोडली तर रीडिंग थेट ५० टक्क्यांनी वाढेल.

उपाय जुना आहे आणि लॉर्ड केल्विनच्या नावाने ओळखला जातो: केल्विन जोडणी. मोठा करंट नेणाऱ्या दोन जाड पट्ट्या वेगळ्या आणि व्होल्टेज वाचणाऱ्या दोन बारीक पट्ट्या वेगळ्या. बारीक पट्ट्या शंटच्या पॅडच्या आतल्या कडेपासून निघाल्या पाहिजेत आणि एकमेकींना लागून ॲम्प्लिफायरपर्यंत गेल्या पाहिजेत. त्यांतून जवळपास काहीच करंट जात नाही, म्हणून त्यांच्या रोधाने फरक पडत नाही.

ब्रेडबोर्डवर हे जमत नाही. त्याच्या क्लिपचा रोध शंटपेक्षा जास्त असू शकतो आणि हात लागला की बदलतो. शंट निदान झिरो पीसीबीवर सोल्डर करा.

## तापमानाचा खेळ

‘शंट विकत कशाला, तांब्याची तारच वापरतो’ हा विचार बऱ्याच जणांना येतो. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. वस्तू २५ वरून ४५ अंशांवर गेली, म्हणजे फोन नुसता कोमट झाला, तरी रीडिंग जवळपास ८ टक्क्यांनी चुकलं.

म्हणून शंट मँगनिनसारख्या मिश्रधातूचे बनवतात. मँगनिनमध्ये तांबं, मँगनीज आणि निकेल असतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एडवर्ड वेस्टन यांनी मोजमापाच्या यंत्रांसाठी तो तयार केला. तापमानाने त्याचा रोध फारच थोडा बदलतो. दर अंशाला दशलक्षात ५० भाग एवढा बदल असलेला शंट घेतला तर २० अंशांच्या फरकाला चूक होते फक्त ०.१ टक्का.

कॉन्स्टंटन हा मिश्रधातूही तापमानाला स्थिर आहे. पण तो तांब्याला जोडला की जोडावर दर अंशाला सुमारे ४० मायक्रोव्होल्ट तयार होतात. थर्मोकपल याच गुणावर चालतं. शंटच्या दोन टोकांत एकच अंशाचा फरक पडला तरी ४ मिलिॲम्पिअरची चूक झाली. मँगनिन आणि तांब्याच्या जोडात हा परिणाम कितीतरी कमी असतो. म्हणून शंट निवडताना ओहमसोबत धातूही पाहा आणि त्याचं एक टोक तापलेल्या भागाजवळ ठेवू नका.

## धडधडणारा करंट

फोनचा करंट नळाच्या धारेसारखा सलग नसतो. टूजी कॉलमध्ये फोन दर ४.६ मिलिसेकंदांत फक्त ०.५७७ मिलिसेकंद प्रक्षेपण करतो, म्हणजे आठातला एक भाग. त्या क्षणी करंट २ ॲम्पिअरपर्यंत उडू शकतो, पण त्याची सरासरी २५० मिलिॲम्पिअरच भरते.

मीटरने सेकंदातून एकदाच डोकावून पाहिलं तर कधी २ ॲम्पिअर दिसेल, कधी जवळपास शून्य. दोन्ही आकडे खरे, पण हिशेबाला निरुपयोगी. म्हणून एकतर खूप वेगाने रीडिंग घेऊन सरासरी काढा, किंवा ठरावीक काळाची आपोआप सरासरी करणारा डेल्टा-सिग्मा प्रकारचा एडीसी वापरा. ॲम्प्लिफायरच्या इनपुटला छोटा फिल्टरही लावतात: दोन्ही तारांत सारखे रेझिस्टर आणि मध्ये कपॅसिटर. ते रेझिस्टर १० ओहमच्या वर नेऊ नका, नाहीतर चिपच्या आतल्या रेझिस्टरशी मिळून गेन बदलतो.

## चुकांचा ताळेबंद

आता सगळं एकत्र मांडू. शंट १० मिलिओहम, १ टक्का. ऑफसेट २० मायक्रोव्होल्ट. गेनची चूक ०.५ टक्का. एडीसी १२ बिटचा, २.५ व्होल्टचा. त्याची एक पायरी ०.६१ मिलिव्होल्ट, म्हणजे ५० गेननंतर सुमारे १.२ मिलिॲम्पिअर.

करंट २ ॲम्पिअर असताना
- शंट: २० मिलिॲम्पिअर
- गेन: १० मिलिॲम्पिअर
- ऑफसेट: २ मिलिॲम्पिअर
- एडीसी: १.२ मिलिॲम्पिअर

करंट २० मिलिॲम्पिअर असताना
- शंट: ०.२ मिलिॲम्पिअर
- गेन: ०.१ मिलिॲम्पिअर
- ऑफसेट: २ मिलिॲम्पिअर
- एडीसी: १.२ मिलिॲम्पिअर

या दोन याद्या नीट पाहा, कारण लेखाचं सार इथेच आहे. मोठ्या करंटला शंट आणि गेन चुकवतात, लहान करंटला ऑफसेट आणि एडीसी. त्यामुळे महागडा शंट घेऊन स्टँडबायचं रीडिंग सुधारणार नाही आणि महागडा ॲम्प्लिफायर घेऊन फास्ट चार्जिंगचं रीडिंग सुधारणार नाही. पैसे कुठे घालायचे ते आधी हा ताळेबंद मांडून ठरवा.

## कॅलिब्रेशन: दोन रीडिंगचं काम

१. शून्य: सप्लाय चालू ठेवा, पण लोड काढून टाका. जो आकडा येईल तो ऑफसेट. कॉमन-मोडचा परिणामही त्यात धरला जावा म्हणून सप्लाय चालूच हवा.

२. एक ज्ञात करंट: चांगला मल्टिमीटर सिरीजमध्ये लावून स्थिर लोड द्या. ५ व्होल्टला १० ओहमचा रेझिस्टर ०.५ ॲम्पिअर घेतो. तो २.५ वॉट तापतो, म्हणून ५ किंवा १० वॉटचाच घ्या. मल्टिमीटरचा आकडा भागिले तुमचं ऑफसेट वजा केलेलं रीडिंग, हा दुरुस्तीचा गुणक.

पहिल्या पायरीने ऑफसेट जातो, दुसरीने शंट आणि गेन दोघांची चूक एकदम जाते. तापमानामुळे होणारा बदल मात्र राहतो, म्हणून बोर्ड गरम झाल्यावर एकदा पुन्हा तपासा.

## तयार मॉड्युल घ्यावं का?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा ऑनलाइन आयएनए २१९ चिपचं मॉड्युल सहज मिळतं. त्यात ॲम्प्लिफायर आणि एडीसी दोन्ही एकाच चिपमध्ये आहेत, ० ते २६ व्होल्टपर्यंत वरच्या बाजूला मोजता येतं आणि रीडिंग दोन तारांवरून आर्डुइनोला मिळतं. प्रोजेक्टसाठी उत्तम. फक्त त्यावरचा शंट बहुधा १०० मिलिओहमचा असतो. २ ॲम्पिअरला तो ०.२ व्होल्ट खातो, म्हणजे ५ व्होल्टच्या यूएसबीवर लोडला ४.८ च मिळतात.

एसीएस ७१२ हा दुसरा लोकप्रिय पर्याय हॉल परिणामावर चालतो. मोजण्याचा भाग करंटच्या वाटेपासून विजेच्या दृष्टीने वेगळा राहतो, हा त्याचा मोठा फायदा. पण ५ ॲम्पिअरच्या प्रकारात १ ॲम्पिअरला १८५ मिलिव्होल्ट मिळतात आणि नॉइज बराच असतो. काही मिलिॲम्पिअर मोजायला तो घेऊ नका.

करंट मायक्रो किंवा नॅनोॲम्पिअरचा असेल, जसा प्रकाश ओळखणाऱ्या फोटोडायोडचा असतो, तर शंटऐवजी ट्रान्सइम्पिडन्स ॲम्प्लिफायर लागतं. त्यात फीडबॅकच्या १ मेगाओहम रेझिस्टरमुळे १ मायक्रोॲम्पिअरचा थेट १ व्होल्ट होतो. तिथे बोर्डवरचा बोटाचा ठसाही करंट गळवतो.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ॲपमधला आकडा खरा असतो का?
अँड्रॉइड ५.० पासून ॲपना बॅटरीचा करंट मायक्रोॲम्पिअरमध्ये मागता येतो. अधिक म्हणजे बॅटरीत जाणारा, उणे म्हणजे बाहेर येणारा. काही फोन मात्र एकक किंवा चिन्ह वेगळं देतात. शिवाय हा बॅटरीचा करंट आहे, चार्जरचा नाही. चार्जर २ ॲम्पिअर देत असताना स्क्रीन आणि प्रोसेसरही त्यातून घेतात, म्हणून आकडा कमी दिसला की लगेच चार्जरला दोष देऊ नका.

फोन १५ टक्क्यांवर अचानक का बंद पडतो?
बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. समजा तो ०.१५ ओहम झाला. कॅमेरा आणि फ्लॅशने ३ ॲम्पिअर ओढले की ०.४५ व्होल्ट आतच पडतात आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. त्यात करंटच्या बेरजेतली साचलेली चूक आली की टक्के आणखी फसवे होतात. अधूनमधून बॅटरी पूर्ण भरली की गेजला पक्का टेकू मिळतो आणि हिशेब पुन्हा जुळतो.

हेच सर्किट घरच्या २३० व्होल्टवर चालेल का?
नाही. शंट विजेपासून वेगळा नसतो. तुमचा आर्डुइनो, लॅपटॉप आणि तुम्ही, सगळे थेट मेन्सला जोडले जाल. तिथे तारेभोवती बसणारा करंट ट्रान्सफॉर्मर वापरा आणि जाणकार माणूस सोबत ठेवा. लिथियम बॅटरीवर काम करतानाही फ्यूज लावल्याशिवाय तारा जोडू नका.

पुढच्या वेळी कुठल्याही मीटरवर करंटचा आकडा पाहाल तेव्हा शंट किती ओहमचा आणि शून्याला मीटर काय दाखवतो, हे दोन प्रश्न आधी विचारा. बरेच मीटर तिथेच उघडे पडतात.